एव्हीएम काढलं की ॲन्युरिझम आपोआप जातो का? (दादांच्या कॉमेंटला उत्तर)

दादा, मागे मी एका पेशंटची केस लिहिली होती, मेंदूत एव्हीएम (रक्तवाहिन्यांचा जन्मतःचा गुंता) आणि सोबत ॲन्युरिझम (धमनीच्या भिंतीला आलेला फुगा), त्यात आधी फुगा बंद केला. त्यावरची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की एव्हीएम हेच मूळ दुखणं, ते काढलं की रक्ताचा जोर उतरतो आणि फुगा आपोआप आकसतो, मग आधी फुग्यात कॉइल (बारीक तारेची गुंडाळी) भरणं म्हणजे निव्वळ बिल वाढवायचे धंदे. बिलावरून भांडत नाही, मी कॅथलॅबमध्ये (रक्तवाहिनीतून नळी घालून तपासणी-उपचार करतात तिथे) टेक्निशियन आहे, एकेका कॉइलची किंमत मलाही माहितीये. पण बाकीचं अर्धंच खरं आहे हो.

एव्हीएममध्ये धमनीतलं रक्त मधल्या केशवाहिन्यांना बगल देऊन थेट शिरेत धो धो जातं, त्या गुंत्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवर वर्षानुवर्षं ताण येतो आणि कुठेतरी भिंत फुगते. आता ती नेमकी कुठे फुगलीय त्यावर सगळं. गुंत्याच्या अगदी जवळच्या फांदीवर असेल तर तुम्ही म्हणता तसं बरेचदा होतं. पण लांब, मेंदूच्या तळाशी मोठ्या धमन्यांवर असेल तर नाही. टोरांटोच्या टीमने १९९८ साली ६३२ पेशंटचा अभ्यास छापला, त्यात असे लांबचे २३ फुगे एव्हीएमची ट्रीटमेंट झाल्यावर परत बघितले तर १८ जसेच्या तसे!

आणि मी लिहिलेल्या केसमध्ये रक्तस्राव झालेला होता, तोही मेंदूच्या आवरणाखाली, म्हणजे संशय फुग्यावरच. फुटलेला फुगा परत फुटायची भीती पहिल्या चोवीस तासांत सगळ्यात जास्त, आणि गामा नाईफने (किरणांच्या उपचाराने) एव्हीएम बंद व्हायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर काय देवावर भरवसा ठेवून बसायचं? (फुगा गुंत्याच्या आतच असेल तर गणित परत वेगळं, तिथे ग्लू (वाहिनी आतून बुजवणारा चिकट पदार्थ) वगैरे, त्यावर सवडीने लिहीन.)

एक मात्र मान्य. "फुगा दिसला की लगेच बंद करा" हे त्या पोस्टमधलं माझं वाक्य चुकलंच, आज काढून टाकतो. काही फुटलेलंच नसेल तर घाई करायची का, हा प्रश्नच आहे. न फुटलेल्या एव्हीएमबद्दल २०१४ ला अरुबा नावाची ट्रायल (पेशंटचे दोन गट करून केलेली चाचणी) आली, त्यात नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांना स्ट्रोक किंवा मृत्यू १०.१ टक्के आणि ट्रीटमेंट केलेल्यांना ३०.७, अर्थात जेमतेम तीनेक वर्षांचाच हिशोब तो, आणि फुटलेल्या केसेस त्यात नव्हत्याच.

वहिनींचा रिपोर्ट तुम्ही टाकलाय तो नुसता एमआरआयचा आहे. त्यावरून फुगा कुठल्या फांदीवर आहे ते मला तरी सांगता येणार नाही, डीएसए (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढतात ती एक्स-रे तपासणी) झाली असेल तर सीडी मागून घ्या आणि डॉक्टरांना तेवढं एकच आधी विचारा.