कांडी कुठल्याही डब्यात खुपसणाऱ्यांस
सांगलीतल्या काचेचे मणी घडवण्याच्या आमच्या सामायिक कार्यशाळेत मऊ (कमी तापमानाला वितळणाऱ्या) काचेच्या आणि बोरोसिलिकेटच्या (उष्णता सोसणाऱ्या कडक काचेच्या) कांड्यांसाठी दोन वेगळे डबे असूनही, उरलेली कांडी हाताला येईल त्या डब्यात खुपसून घरी जाणाऱ्यांना नेमके काय म्हणावे? तापल्यावर बोरोसिलिकेट मऊ काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून दोन्ही एकत्र जोडल्या तर निवताना तडकतात, हे शंभरदा सांगून झाले; आता काय कपाळावर गोंदवून घ्यायचे? परवा तासभर बर्नरसमोर घाम गाळून घडवलेला निळा मणी मी ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून रात्रभर हळूहळू निववला, आणि सकाळी सळईवरून काढताना पारदर्शक ठिपक्याभोवतीच्या केसाएवढ्या चिरेवर त्याचे सरळ दोन तुकडे झाले. (मऊ काचेच्या डब्यातून त्या ठिपक्यासाठी घेतलेली कांडी वितळायला कुरकुरत होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.) वर शेजारच्या ताई विचारतात, "भट्टी बिघडली का हो?"