मुंगूस, साप आणि मुंगूसवेल: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

मुंगूस आणि नाग यांच्या झुंजीची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरते, तेव्हा तिच्यासोबत बहुधा ठरावीक मजकूर असतो. मुंगसाला सापाचे विष बाधत नाही. दंश झालाच तर ते मुंगूसवेलीची मुळी खाऊन बरे होते. हीच मुळी माणसालाही उतारा म्हणून चालते. आणि मुंगूस असलेल्या आवारात साप टिकत नाही. पुरावा म्हणून इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंग यांच्या कथेतील रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाचे नाव घेतले जाते.

आधी या साक्षीदाराचीच साक्ष तपासू. १८९४ च्या ‘जंगल बुक’मधील ही कथा बिहारमधील सुगौलीच्या लष्करी छावणीतील एका बंगल्यात घडते. नाग आणि त्याची मादी यांच्याशी रिक्कीची पहिली गाठ पडल्यानंतर लेखक क्षणभर कथा थांबवून सांगतो, की दंशानंतर मुंगूस औषधी खाते हे जुन्या ग्रंथांतील म्हणणे खरे नाही. विजय मिळतो तो केवळ नजरेच्या आणि पायांच्या चपळाईने. शिवाय कथेतील नाग अखेर मरतो तो बंदुकीच्या गोळीने. रिक्की तोवर त्याचे डोके दातांत धरून जमिनीवर आपटले जात असते आणि आपण यातून वाचत नाही असेच त्याला वाटत असते. विष बाधणारच नसलेल्या प्राण्याची ही कथा नव्हे. ती पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांनी ती वाचली असेल का, याची शंका येते.

विष बाधत नाही, या विधानात मात्र तथ्याचा अंश आहे आणि तो मोठा रंजक आहे. नागाच्या विषातील एक प्रमुख घटक स्नायूंवरील ग्राहींना, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, चिकटून मज्जातंतूंचा संदेश अडवतो. त्यामुळे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात आणि मृत्यू ओढवतो. मुंगसाच्या या ग्राहींमधील काही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) बदललेली असतात, त्यांतील एका जागी शर्करेचा रेणू जोडलेला असतो आणि विषाच्या त्या घटकाला तेथे नीट बसता येत नाही, असे इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. परंतु हे संरक्षण विषातील एका गटापुरते आहे. नागाच्याच विषात पेशी नष्ट करणारे घटकही असतात, आणि घोणस किंवा फुरसे यांचे विष मुख्यतः रक्त व रक्तवाहिन्यांवर हल्ला करते. मुंगसाच्या रक्तात रक्तस्राव रोखणारी काही प्रथिने आढळली आहेत हे खरे. तरीही पुरेसे विष अंगात गेले तर मुंगूस मरते. म्हणूनच ते दंश टाळण्यासाठी एवढी धडपड करते: केस पिंजारून स्वतःला मोठे भासवते, सापाला पुन्हा पुन्हा फणा मारायला लावून दमवते आणि संधी साधून त्याचे डोके पकडते. विष बाधणारच नसते, तर हा सारा खटाटोप कशाला?

मुंगूसवेलीची कल्पना फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या आठव्या कांडात वराहाला वनस्पती आणि नकुलाला, म्हणजे मुंगसाला, औषधी ठाऊक असते, असा उल्लेख येतो. मात्र त्याच ऋचेत सर्प आणि गंधर्व यांनाही औषधींची जाण असल्याचे म्हटले आहे, हे सोयीस्करपणे वगळले जाते. ती वनस्पतींना केलेली प्रार्थना आहे, झुंजीचे निरीक्षण नव्हे. झुंजीनंतर झुडपात शिरणारे मुंगूस पाहून कोणी तरी ही कल्पना पक्की केली असावी. पण मुंगसाचे जे संरक्षण आहे ते जन्मतःच शरीरात असते, त्याला मुळी शोधावी लागत नाही.

ही मुळी माणसालाही चालते, हे तिसरे विधान घातक आहे. मुळी उगाळून दिली आणि रोगी वाचला, अशा गोष्टी खऱ्याही असू शकतात, कारण दंश करणारे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी साप प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. अशा रोग्याला काहीही दिले तरी तो बरा होतो आणि श्रेय मुळीला जाते. सर्पगंधा या औषधी वनस्पतीचेही नाव या संदर्भात घेतले जाते. तिच्यातून १९५२ मध्ये वेगळे केलेले रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य आहे, आणि घोणशीच्या दंशाने ज्याचा रक्तदाब आधीच कोसळतो आहे त्याला ते देणे म्हणजे संकटात भर घालणे होय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर घोड्यांच्या रक्तातून तयार केलेली प्रतिविषाची लस उपलब्ध आहे आणि ती रुग्णालयातच द्यावी लागते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मेल्याचा अंदाज आहे. मुळीच्या शोधात गेलेला प्रत्येक तास रोग्याच्या वाट्यातून जातो.

राहिला आवारातील सापांचा प्रश्न. मुंगसाच्या आहारात उंदीर, कीटक, सरडे, पक्षी आणि अंडी यांचाच भरणा असतो. साप हा त्यातला लहानसा भाग. जपानने हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला. हाबू या विषारी सापाच्या बंदोबस्तासाठी १९१० मध्ये ओकिनावा आणि १९७९ च्या सुमारास आमामी ओशिमा बेटावर मुंगसे सोडण्यात आली. हाबू रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडली. मुंगसांनी आमामीचे दुर्मीळ ससे मात्र फस्त करायला सुरुवात केली. अखेर त्या बेटावरील मुंगसांचे निर्मूलन पूर्ण झाल्याची घोषणा २०२४ मध्ये करावी लागली. भारतात तर मुंगूस पकडून आवारात पाळणे हाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.