वायफाय सुरू करायचंय? मग आधी नेट जोडा

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून वायफाय सुरू करायचं मनावर घेतलंय? अभिनंदन. आता घरात एक सूचना देऊन ठेवा: चहा मागेन तेव्हा द्यायचा आणि "झालं का?" असं कोणी विचारायचं नाही.

मी हे पुण्यकर्म गेल्या शनिवारी केलं. माळ्यावर २००९ सालचा लॅपटॉप धूळ खात पडला होता आणि नानांना मोठ्या पडद्यावर कीर्तनं बघायची होती. मावसभाऊ पुण्यात आयटीत आहे, त्याला फोन लावला. "दादा, एका कमांडचं काम आहे!" म्हणाला. मंडळी, ज्या कामाची सुरुवात या वाक्यानं होते त्यासाठी सोमवारची रजा आधीच टाकून ठेवावी.

नेटवर्कच्या यादीत वायफाय दिसत नसेल तर मशीन तीनदा बंद-चालू करा. उपयोग होत नाही, पण हात रिकामे राहत नाहीत.

आत वायफायचं कार्ड कोणतं आहे हे चुकूनही बघू नका. ते कळलं तर अर्ध्या तासात काम होईल, मग रविवारी करणार काय?

कोणी एनडीआयएसरॅपर सुचवलं, म्हणजे विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लिनक्सला पाजायचा जुना काढा, तर त्यांच्या पाया पडा आणि निघा.

आता मुख्य उपाय. वायफाय सुरू होण्यासाठी आधी इंटरनेट जोडा. हसू नका, हाच अधिकृत मार्ग आहे. माझ्या कार्डाचा बी४३ नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आयताच असतो. कार्ड बनवणाऱ्या कंपनीची मदत नसताना चिपचं कोडं सोडवून तो लिहिणाऱ्यांना माझा दंडवत. पण चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो सोबत वाटायची परवानगी नाही. म्हणून फर्मवेअर बसवणारं पॅकेज काय करतं, तर कंपनीच्याच ड्रायव्हरची फाइल नेटवरून उतरवतं आणि तिच्यातून फर्मवेअर कापून काढतं. त्या अवजाराचं नावही कटर. आपल्याकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी करतात ना, तसं. फरक एवढाच की इथे बाग दुसऱ्याची आणि कात्री आणायला नेट हवं. "डेबियन १२ टाक, आता सगळं आतच येतं," असंही एकानं सांगितलं. डेबियन म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. बरोबर आहे. २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेतलं आणि २०२३ मध्ये आलेल्या १२ पासून बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. सगळं आलं, फक्त माझं नाही, कारण वाटायलाच परवानगी नाही!

बरं, लॅनची वायर लावावी, तर त्या पोर्टची क्लिप तुटलेली. फोनला यूएसबी केबल लावून टेदरिंग करावं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्यावं, तर एम. जी. रोडवरून आणलेली केबल फक्त चार्जिंगची निघाली. फोन चार्ज होतोय, लॅपटॉपला फोनचा पत्ताच नाही. मी एक तास लिनक्सला शिव्या घालत बसलो आणि दोष होता केबलचा. शेजारच्या काकांकडून दुसरी आणली, डाउनलोड सुरू झालं आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर फक्त पंखे-दिवे, आणि लॅपटॉपच्या बॅटरीनं केव्हाच राम म्हटलेला. नाना आतून विचारतात, "आलं का रे कीर्तन?"

लाईट आल्यावर मावसभावाचा पुढचा सल्ला पाळा: "मग दुसरा ड्रायव्हर टाकून बघ." दुसरा म्हणजे कंपनीचा स्वतःचा, डब्ल्यूएल. हा आला की पहिल्याला, म्हणजे बी४३ला, काळ्या यादीत टाकतो. आणि स्वतः? त्याला तुमच्या कर्नलवर बांधून घ्यायचं असतं, त्यासाठी कर्नल हेडर्स नावाच्या फाइली लागतात, त्या मशीनवर नसतात. पहिला हाकलला, दुसरा बसला नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी.

सगळ्यात शेवटी कॉलेजच्या ग्रुपवर विचारा. "विंडोज टाक." "नवीन घे, किती दिवस वापरणार." "गूगल कर." अरे, नेट नाही म्हणून तर विचारतोय ना! आणि मग एक जण: "माझंही सेम कार्ड होतं. झालं." कसं झालं? दोन निळ्या टिका. संध्याकाळी त्याच ग्रुपवर याच माणसाचा मिसळीचा फोटो.

हे मात्र मला चालत नाही. मस्करी बाजूला ठेवतो. तुम्ही दोन रात्री घालवून एक गोष्ट सोडवता आणि "झालं" एवढंच लिहिता? दोन ओळी लिहायला बोटं दुखतात? फुकट राबून कोणीतरी ड्रायव्हर लिहिला म्हणून तुमचं "झालं", आणि तुम्हाला पुढच्याला कमांडसुद्धा सांगवत नाही. आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी "सोपं आहे" म्हणू नये. सोपं असेल तर घरी येऊन करून द्या, पोहे आम्ही देतो.

माझं झालं, आणि कसं ते सांगतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, एलएसपीसीआय, पुढे डॅश एनएन. कार्डाच्या ओळीत चौकोनी कंसात चार अक्षरं, कोलन, पुन्हा चार अक्षरं असा क्रमांक असतो, तो कागदावर लिहा. मग आरएफकिल लिस्ट, म्हणजे वायफाय कुठे बंद करून ठेवलंय का ते दाखवणारी कमांड. तिथे 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण सरकवा, ड्रायव्हरला हात लावू नका. माझ्याकडे 'नो' होतं. डब्ल्यूएलचं पॅकेज पूर्ण काढलं, डेटाची केबल लावून टेदरिंग केलं, सोर्स लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत, 'कॉन्ट्रिब' हा विभाग जोडला, अपडेट केलं, बी४३चा फर्मवेअर इन्स्टॉलर टाकला, मशीन परत चालू केलं. चाललं. तुमचा क्रमांक वेगळा असेल तर उपाय वेगळा असेल. खुशाल विचारा, पण आधी तो क्रमांक पाठवा. नुसतं "चालत नाही" पाठवलंत, तर मीही दोन निळ्या टिका देईन.