कॅमेरा स्वस्त झाला, पुढचं काय?

स्वस्त कॅमेऱ्यांवरचा एक लेख वाचला. त्याचा सूर असा की मोबाइलवर शूट करता येतं, त्यामुळे आता कामगारांच्या घरातली पोरंही सहज सिनेमा काढतील. निम्मंच पटलं. अमेरिकन दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट यांनी १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय कामगारांच्या वस्तीत, शनिवार-रविवारी जमेल तसं शूटिंग करत, बहुतेक हौशी माणसांना घेऊन 'किलर ऑफ शीप' हा सिनेमा पूर्ण केला. महोत्सवांत गाजला, बक्षीसही मिळालं. पण थिएटरात रीतसर लागला थेट २००७ साली! कारण काय, तर त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते आणि ते महाग होते. कॅमेरा तर तेव्हाही मिळाला होता की!

गाण्यांचे हक्क, साउंड मिक्सिंग, सबटायटल्स, महोत्सवांची प्रवेश फी, हा खर्च कोण उचलणार यावर लेखात ओळही नाही. आणि रोजंदारी बुडवून महिनोन्‌महिने एडिटिंगला बसायचं कोणी? घरभाडं दुसरं कोणी भरत असेल तरच ते परवडतं (हे मुलाखतीत कोणी सांगत नाही, ते वेगळं). अनुदान द्यायचंच असेल तर उपकरणांऐवजी दिग्दर्शकाला आणि एडिटरला त्या महिन्यांचा पगार द्या.