काच संगणकात वितळते, म्हणून प्रयोगशाळेला टाळे लावायचे?

आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर आला आहे. गूगलच्या एआयने 22 लाख नवे पदार्थ तयार केले. काचेसारख्या विस्कळीत रचनेच्या पदार्थातला अणू न् अणू एआयला कळू लागला. वर्षांचे काम तासांत होते. तेव्हा प्रयोगशाळा आणि भौतिकशास्त्राची पदवी यापुढे निरुपयोगी, असा त्याचा सूर. फोंड्याच्या भावोजींनी तो भाचीला पाठवला आणि ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज करू पाहणारी ती मुलगी मला विचारते, "मामा, अर्ज भरू का नको?" एरवी मी असले मजकूर न वाचताच पुसतो.

22 लाखांचे आधी उरकतो. गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने 2023 साली 22 लाख स्फटिकरचनांचे भाकीत केले आणि त्यांपैकी सुमारे 3,80,000 स्थिर असाव्यात असे म्हटले. भाकीत केले, तयार केले नव्हे. प्रयोगशाळेत इतर संशोधकांनी स्वतंत्रपणे घडवलेल्या रचनांचा त्यांनी दिलेला आकडा 736 होता. शिवाय स्फटिकात एकच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते; काचेत अशी नक्षीच नसते. काचेच्या वाक्याला हा आकडा चिकटवण्यात काही अर्थ नाही.

वेगाचा मुद्दा मात्र, मनात नसले तरी, मान्य करावा लागतो. अणूंची ऊर्जा काढण्याच्या, क्वांटम सिद्धांतावर आधारलेल्या डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी) पद्धतीत अणू दुप्पट झाले की काम साधारण आठपट होते, त्यामुळे गाडी काही शे अणूंपाशी अडते. बेलर आणि पारिनेल्लो या संशोधकांनी 2007 साली दाखवलेल्या वाटेने यंत्राला प्रत्येक अणूची ऊर्जा त्याच्या जवळच्या शेजाऱ्यांवरून, म्हणजे बहुधा 5-6 अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) परिसरावरून, शिकता येते आणि काम अणूंच्या संख्येच्या प्रमाणातच वाढते.

पण ती ऊर्जा शिकायची कशावरून? त्याच डीएफटीच्या हिशोबांवरून. यंत्राला अणू 'दिसत' नाहीत. भौतिकशास्त्रज्ञांनी आधी सोडवलेली हजारो उदाहरणे त्याने गिरवलेली असतात, आणि त्यांत नसलेली मांडणी समोर आली तर ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देते. स्फटिकापेक्षा विस्कळीत पदार्थात हा धोका मोठा, कारण तिथे प्रत्येक अणूचा शेजार वेगळा असतो. कोणती उदाहरणे पुरवायची हे ज्याला ठरवायचे आहे, त्याने भौतिकशास्त्र सोडून चालेल कसे?

दुसरी अडचण काळाची. अणूंची हालचाल संगणकात पायरीपायरीने चालवून पाहतात, त्याला सिम्युलेशन म्हणतात; त्याची एक पायरी साधारण एका फेम्टोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या एक कोटी कोटी भागाच्याही दहाव्या हिश्शाची असते. संशोधक ज्याला सावकाश म्हणतात त्या सेकंदाला 10,000 कोटी अंशांच्या वेगानेही 1,000 अंश थंड करायला 1 कोटी पायऱ्या लागतात. फेणीच्या बाटलीची काच इतक्या घाईत थंड होत नाही. तिच्या एका मिनिटाचा हिशोब करायचा तर 6 वर 16 शून्ये इतक्या पायऱ्या होतील. म्हणून संगणकातली काच आणि हातातली काच सारखीच आहे, असे गृहीत धरता येत नाही. खऱ्या काचेवर क्ष-किरण किंवा न्यूट्रॉन सोडले की ते कसे विखुरतात, याच्याशी ती ताडून पाहावी लागते.

या क्षेत्रातले माझ्या मते सर्वांत भक्कम काम 2021 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आले. ऑक्सफर्डचे फोल्कर डेरिंगर, केंब्रिजचे गाबोर चान्यी आणि सहकाऱ्यांनी 1,00,000 अणूंचे अस्फटिकी, म्हणजे काचेसारखे विस्कळीत, सिलिकॉन संगणकात दाबले. कमी आणि जास्त घनतेचे भाग आधी शेजारीशेजारी नांदले, मग सगळी रचना ढासळून अतिघन झाली, आणि ती अवस्था न टिकता तिच्यातून स्फटिक उगवले. काम थक्क करणारे आहे, हे मी आनंदाने सांगतो. परंतु हा शेवट विश्वासार्ह का मानायचा याचे कारण त्यांनीच दिले आहे: तो प्रयोगांशी जुळतो आणि आधीच्या सिम्युलेशनांत दिसला नव्हता. प्रयोगशाळेला टाळे असते, तर हा निष्कर्ष जुळवून पाहायचा कशाशी?

भाचीला मी अर्ज भरायला सांगितले आहे. भावोजींनी शुल्काचे पैसे द्यावेत, आणि तो मजकूर आणखी चार जणांना पाठवला असेल तर हेही त्यांनाच पाठवावे.