अल देन्ते म्हणजे कणी राहिली

इटालियन हॉटेलात जायचं असेल तर शनिवार धरू नये. हे शहाणपण मला सासूबाईंच्या तोंडात रिसोतोचा दुसरा घास गेल्यावर आलं, म्हणजे तसं उपयोगाचं नव्हतंच.

निमित्त होतं सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं. माझ्या डोक्यात सकाळी सत्यनारायण, दुपारी श्रीखंड-पुरी आणि जवळची वीसेक माणसं एवढाच बेत होता. पण आमच्या मुग्धाला पहिली पगारवाढ मिळाली होती आणि आजी-आजोबांना जेवायला ती नेणार होती. तिचं ऑफिस लोअर परळला. जवळच एका जुन्या गिरणीच्या आवारात एक इटालियन रेस्टॉरंट होतं. एकदम 'ऑथेंटिक', असं ती तीनदा म्हणाली. गिरणीचं नाव ऐकल्यावर अण्णांनी पेपर खाली ठेवला.

"कुठल्या खात्यात?"

"खातं नाही हो आजोबा, रेस्टॉरंट आहे."

"ते कळलं. पण कुठल्या खात्यात आहे?"

अण्णांनी त्याच गिरणीत बारा वर्षं साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात हेही होते. आता तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. त्यामुळे अण्णांच्या हिशेबाने ते अजून संपावर आहेत. मधे एका सोसायटीत वीस वर्षं वॉचमनकी केली, ती 'तात्पुरती'. तेव्हा संपावरच्या माणसाने त्याच गिरणीत जेवायला जावं का, हा प्रश्न घरात दोन दिवस चर्चेला होता. शेवटी "जेवायला जायला हरकत नाही, कामाला लागायचं नाही" असा तोडगा निघाला.

आणि सासूबाई? आमच्या घरात हॉटेलधंद्यातलं कुणाला काही कळत असेल तर ते त्यांनाच. डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत त्यांनी खानावळ चालवली. बारा गिरणी कामगार जेवायला असत, पहिल्या पाळीचे आधी, दुसऱ्या पाळीचे मागाहून. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. आईंची मोठी पातेली पुढे त्याच कर्जातून आली. त्यातलं एक अजून माझ्या माळ्यावर आहे. दर दिवाळीला मी ते काढून टाकायचं म्हणते आणि दर दिवाळीला घासून परत वर ठेवते.

डोंबिवलीहून टॅक्सीने जायला अण्णा तयार नव्हते. गिरणीत जायचं म्हणजे करी रोडला उतरायचं. स्लो लोकल, सहा माणसं, आईंची पैठणी. आवाराच्या फाटकावर सिक्युरिटीवाला बॅगा तपासत होता. आम्ही पर्स उघडेपर्यंत अण्णा त्याच्यासमोर जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. तो पोरगा गांगरला.

"अंकल, आप जाइए."

"झडती घे," अण्णा म्हणाले. "पूर्वी बाहेर जाताना घ्यायचे. आता आत येताना घेतात वाटतं."

रेस्टॉरंट साचेखात्यातच निघालं. करवतीच्या दात्यांसारखं ते छप्पर तसंच ठेवलेलं, लोखंडी खांब तसेच, फक्त छपराच्या काचांना काळा रंग फासलेला आणि प्रत्येक टेबलावर एक मेणबत्ती. अण्णा मान वर करून बघतच राहिले. तुटलेला दोरा विणकराला दिसावा म्हणून बांधणाऱ्याने मुद्दाम उत्तरेकडचा उजेड आत घेतला होता, आणि यांनी पैसे खर्चून तो बंद केला होता.

"मूड असतो आजोबा तो," मुग्धा म्हणाली.

"आमच्या मास्तरचा पण असायचा," अण्णा म्हणाले.

पाणी कुठलं हवं, इथपासून परीक्षा सुरू झाली. साधं की बुडबुड्यांचं, या प्रश्नाला माझ्या नवऱ्याने, सुहासने, "नळाचं चालेल" असं उत्तर दिलं आणि आमची सगळी पायरी पहिल्या मिनिटात उघड करून टाकली.

मेनूकार्ड नव्हतंच. टेबलावर एक काळा-पांढरा चौकोन होता, त्याचा फोटो काढायचा की मेनू मोबाइलवर येतो. मला उडप्याच्या हॉटेलातला पोऱ्या आठवला. तो ओल्या फडक्याने टेबल पुसता पुसता एका श्वासात तीस पदार्थ म्हणायचा, आपण फक्त शेवटचे दोन लक्षात ठेवून तेच मागवायचे. कुणाचं काही अडत नसे. इथे सहा माणसं तीन मोबाइलांत डोकी घालून बसली. मी धीर करून 'जीनोची' असं वाचलं. मुग्धाने डोळे मिटले.

"आई, न्योक्की. तो जी नाही, ञ आहे."

मला गंमत वाटली. च छ ज झ ञ! पहिलीपासून हे अक्षर घोकतोय. बाकीच्यांना निदान एकेक चित्र तरी होतं, याला तेही नाही. सगळा जन्म बेकार बसून काढलेला तो ञ शेवटी इटलीत कामाला लागला म्हणायचा.

आधी पाव आला, टोपलीत, बरोबर वाटीत ऑलिव्ह तेल. ऑलिव्ह तेलात काळपट आंबट काहीतरी. आईंनी तुकडा बुडवून खाल्ला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "भाकरी, तेल आणि आंबट. चांगलं आहे की. हे आधी का नाही सांगितलं?" पावाचे पैसे नाहीत म्हटल्यावर ओंकारने तीन टोपल्या संपवल्या. पंधरा वर्षांच्या मुलाला फुकट पाव देणाऱ्या माणसाने धंद्याचा विचार केलेला नसतो, हे आईंचं मत, आणि त्या बाबतीत त्यांचा अधिकार मी मानते.

मग राव्हिओली आली. परातीएवढ्या पांढऱ्या ताटात मधोमध पाच करंज्या. बाजूला हिरव्या तेलाचे थेंब, देवघरात पणतीचं तेल सांडावं तसे. इथे पंचाईत अशी की त्या हॉटेलच्या कल्पनेत ज्याने जे मागवलं ते त्याने खायचं असतं. आमच्या घरात असं कधी झालेलं नाही. ताट आल्याबरोबर ते मधे सरकलं, सहा काटे पुढे झाले, आणि मोजणी होईपर्यंत ओंकारने एक गिळली होती. उरल्या चार, माणसं पाच. मग दरवेळी होतं तेच झालं. मी म्हणाले, "मला नको, मला फारशी आवडत नाही." आयुष्यात राव्हिओली कधी खाल्लेली नसताना.

अण्णांचा पास्ता आला तेव्हा वेटर हातात चीजचा तुकडा आणि किसणी घेऊन आला. ईशान्येकडचा असावा, विशीतला, फार गोड मुलगा. "से व्हेन, सर," म्हणून त्याने किसायला सुरुवात केली. अण्णा कौतुकाने बघत राहिले. तो किसतोय, अण्णा बघताहेत. तो अण्णांकडे बघतोय, अण्णा हसून मान डोलावताहेत. कामावरच्या माणसाला मधेच थांबवायचं नाही, ही साचेखात्यातली शिस्त. पास्ता दिसेनासा झाला. शेवटी पंगतीत वाढप्याला अडवतात तसा अण्णांनी ताटावर आडवा हात धरला आणि पुढचं चीज त्यांच्या मनगटावरच्या घड्याळावर किसलं गेलं.

हे चालू असताना मुग्धाने, कारण नसताना, माहिती पुरवली. खरं इटालियन पार्मेजान चीज म्हणे वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध फाडायच्या विरजणाशिवाय, होतच नाही.

टेबलावर शांतता पसरली. आईंचा शनिवार. मारुतीचा वार. गेली पन्नास वर्षं शनिवारी त्यांच्या ताटात अंडंही आलेलं नाही. वेटरला परत बोलावलं. त्याने आत जाऊन चौकशी केली आणि आमचं चीज भारतातलं आहे, त्यात प्राण्याचं काही नाही, असं सांगितलं. 'ऑथेंटिक' नसल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता आईंचा रिसोतो. हा आपल्या ओळखीतला, भात आहे, त्यांना झेपेल, असं म्हणून मीच मागवला होता. आर्बोरिओ नावाचा बुटका, जाड, चिकट तांदूळ, जवळजवळ आपल्या इंद्रायणीचा मावसभाऊ. त्यात गरम स्टॉक, म्हणजे भाज्या वगैरे उकळलेलं पाणी, पळी-पळीने घालत तो एकसारखा ढवळतात. ही सगळी माहिती मी आईंना उत्साहाने देत होते आणि देता देता मला आठवलं की सुरुवातीला त्यात पांढरी वाईन घालतात. तोवर दुसरा घास गेला होता. मुग्धाने टेबलाखालून माझा पाय दाबला. आम्ही दोघी गप्प बसलो. हे पाप माझ्याच खात्यावर मांडावं, असं मी मारुतीला सांगून ठेवलं आहे. आई हे वाचणार नाहीत, त्या चष्मा शोधेपर्यंत मोबाइलचा पडदा विझतो.

पण आईंचं लक्ष वाईनकडे नव्हतंच. त्यांनी एक शीत दोन बोटांत धरून दाबलं आणि वेटरला खूण केली.

"बेटा, चावल में कणी है."

"मॅम?"

"कणी. कच्चा है अंदर से."

"दॅट्स अल देन्ते, मॅम."

मुग्धाने समजावलं. दाताला किंचित लागला पाहिजे, तसाच करतात, त्यातच खरं कसब आहे. आईंनी ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. मी खाली मान घातली. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या भाताला कणी राहिली होती. तो भात त्यांनी शब्दही न बोलता परत चुलीवर चढवला होता. आज पंचवीस वर्षांनी त्याच भाताला इटालियन नाव आणि साडेआठशे रुपये किंमत मिळाली होती.

"म्हणजे तू तेव्हा अल देन्ते केला होतास," आई म्हणाल्या. माझ्याकडून ही माफी म्हणून स्वीकारली गेली.

बाकी जेवणाबद्दल सांगण्यासारखं म्हणजे वेळ. एक ताट गेलं की दुसरं यायला अर्धा तास. आईंची रक्तदाबाची गोळी साडेआठची, ती पावाच्या चौथ्या टोपलीबरोबर झाली. "एवढ्यात माझ्या दोन पंगती उठून भांडी घासून झाली असती," असं त्या म्हणाल्या, पण चिडून नाही. शेजारच्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक नसलं की आपण म्हणतो तसं. तिरामिसूत अंडं असतं, त्यामुळे तो आम्ही आईंच्या वाट्याचा धरून सगळा खाल्ला.

मग बिल आलं. फोल्डरमध्ये नाही, एका लाकडी धोट्यात. साच्यावर ताण्यातून इकडून तिकडे धावतो तो धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी अणकुची असलेला. पोटात जिथे बाण्याची कांडी बसते तिथे आमचं बिल गुंडाळून ठेवलेलं. अण्णांनी कागद काढून न बघताच सुहासकडे दिला आणि धोटा मेणबत्तीजवळ नेऊन फिरवून फिरवून पाहिला.

इकडे मुग्धा "बाबा, मी देतेय" म्हणत असताना सुहासला बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज सापडला. या क्षणाची तो तीन वर्षं वाट बघत होता. हॉटेलांनी तो आपणहून बिलात घालायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं, हे सगळं त्याला पाठ होतं. व्हॉट्सॲपवर मिळालेली त्याची बहुधा एकमेव खरी माहिती. "बाबा, प्लीज," मुग्धा पुटपुटली. सुहासने घसा खाकरला, भाषणाचं पहिलं वाक्य तयार केलं, आणि वेटर म्हणाला, "शुअर सर, काढून आणतो." इतक्या सहज जिंकल्यामुळे सुहास जरा खट्टूच झाला.

नवं बिल रिकाम्या बशीतून आलं, कारण धोटा अण्णा सोडत नव्हते. ते त्या मुलाला टोकाजवळचं बारीक भोक दाखवत होते. "इधर से धागा बाहर निकालने का. मुंह से." आणि दाखवायला म्हणून त्यांनी तो तोंडाला लावून खरोखर जोरात ओढला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा काटा हवेत राहिला. अण्णांना ठसका लागला. मुलाने धावत पाणी आणलं, नळाचंच.

"तुम कितना टेबल संभालता है?" पाणी पिऊन अण्णांनी विचारलं.

"आठ, सर."

"आठ! आम्हाला दोनाचे चार साचे करा म्हणाले तर गेटवर सभा झाली होती. वो सर्विस चार्ज तुमको मिलता है?"

मुलाने काउंटरकडे एक नजर टाकली. "थोडा, सर."

सुहासने पाकीट काढलं. काढून घेतलेल्या सर्व्हिस चार्जपेक्षा दोनशे रुपये जास्त त्याने बशीत ठेवले आणि तो छपराच्या काळ्या काचांकडे बघत बसला. मुग्धाने फोनवरून पैसे भरले. आकडा आईंना दिसला. "एवढ्यात माझी खानावळ वर्षभर चालली असती," त्या म्हणाल्या, आणि नातीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

अण्णा अजून उठले नव्हते. त्यांनी त्या मुलाला जवळ ओढून आवाज खाली आणला होता.

"यहाँ युनियन है क्या?"

"उठा आता," आई म्हणाल्या. "एकदा करून झालाय संप."

"तो मिटलाय कुठे अजून?" अण्णा म्हणाले आणि धोटा टेबलावर ठेवून चष्मा शोधायला लागले.