आवाज न चढवणारा बँड

परवा बऱ्याच दिवसांनी एका छोट्या हॉलमध्ये गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला, गेलो होतो. इंडी रॉक, चौघांचा बँड, ऐकायला फार तर सत्तर-ऐंशी माणसं. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहून टाकतो.

चौघं स्टेजवर आले तेव्हा वाटलं, केबल तपासायला आलेत. लोकांना हात वर करायला लावणं नाही, स्वतःची ओळखसुद्धा नाही. गिटारवाल्यानं वाकून एक पेडल दाबलं, ड्रमर पोरीनं स्नेअरवर (खालच्या बाजूला तारा ताणलेला ड्रम) घडी केलेला पंचा टाकला आणि काठ्यांऐवजी ब्रश उचलले. गाणं सुरू झालंय हे बारपाशी उभ्या असलेल्यांना अर्धं कडवं झाल्यावर कळलं असेल.

पहिली दहा मिनिटं मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू. 'अरे, जरा जीव ओता की!' असंच चाललं होतं मनात. दणदणाटाची सवय. इयरप्लग खिशात असतातच. (अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबाने 85 डेसिबलला 8 तास चालतात, पण पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. म्हणजे 100 ला जेमतेम 15 मिनिटं! रॉकच्या गिगला 100 गाठणं काही कठीण नाही. प्लग वापरा रे.) त्या रात्री मात्र ते खिशातच राहिले.

तिसऱ्या गाण्यात एक गोष्ट लक्षात आली. बेस गिटारचा एक ठरावीक स्वर लागला की स्नेअरच्या पोटाखालच्या तारा आपोआप झणझणायच्या. हे सगळ्याच बँडचं होतं, पण एरवी गोंगाटात कोणाला ऐकू येतंय! इथे लख्ख ऐकू आलं. तिनं खाली न बघता बाजूची कळ सोडली, तारा सैल पडल्या आणि स्नेअर टॉमसारखा, म्हणजे बिनतारांच्या ड्रमसारखा, नुसता घुमायला लागला. अख्खं कडवं तसंच. कोरसच्या बरोब्बर आधी कळ पुन्हा वर. त्यानंतर मी तिच्या डाव्या हातावरची नजर हलवली नाही.

मोठ्यानं वाजवण्यात एक सोय असते. फझ (गिटारचा आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) चढवला की चुकलेला स्वरही मुद्दाम लावल्यासारखा वाटतो. इथे दोघं एकत्र गात होते, त्यातल्या एकाचा आवाज केसभर उतरला तर शेवटच्या रांगेपर्यंत कळलं. एवढं उघड्यावर उभं राहून तासभर वाजवायचं आणि वर लोकांनी म्हणायचं, 'एनर्जी कमी होती'. माझाच मित्र म्हणाला, बाहेर पडता पडता. त्याच्याशी अजून वाद चालू आहे.

सगळंच भारी होतं असं नाही. मधली दोन-तीन गाणी एकाच लयीत, एकाच रिव्हर्बमध्ये (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टमध्ये) बुडवलेली. कुठलं संपलं नि कुठलं सुरू झालं ते त्यांनाच ठाऊक. भिंतीपाशी उभं राहिलं तर शब्द कळत नव्हते.

अमेरिकेतल्या डुलुथच्या लो या बँडबद्दल वाचलं होतं. 1993 मध्ये, ग्रंज नावाचं दणदणीत रॉक जोरात असताना, हे लोक अगदी संथ आणि हळू वाजवायला लागले. मिमी पार्कर मोजक्या ड्रमवर, उभ्यानं, ब्रशनं वाजवायची. 2022 मध्ये ती गेली. समोरचे लोक गप्पा ठोकायला लागले की हा बँड आवाज वाढवायच्या ऐवजी आणखी कमी करायचा. मला वाटायचं, दंतकथा असेल.

परवा डोळ्यांदेखत घडलं. बारपाशी एक टोळकं ऑफिसच्या गप्पांत रंगलं होतं. स्टेजवरून कोणी काही बोललं नाही. आधी एक गिटार थांबली, मग बेस, ब्रश नुसते पंच्यावर फिरायला लागले, आणि त्या शांततेत एक आवाज खणखणीत आला: 'मी एचआरला तोंडावर सांगितलं—'

अख्खा हॉल वळला. एचआरला काय सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गाणं मात्र तिथून पुढे लागलं.

नंतर बँडचे टी-शर्ट वगैरे विकायच्या मर्चच्या टेबलापाशी ती ड्रमर पंचा पिशवीत कोंबत होती. म्हटलं, ती कळ सोडायची कल्पना कसली भारी आहे.

ती म्हणाली, "कल्पना कसली! बेसवाल्याला सांगून थकले, तो एक स्वर बदल म्हणून. ऐकतच नाही."